सव्वापाच डॉलरचा आहेर

“डॉलरचं मले नका सांगू कोनी!” इंद्रभाननं मांडवाच्या खांबाला ऐटीत पाठ टेकवली. “या जगात दोनच गोष्टी जागच्या हालत नाईत. एक ध्रुवतारा, अन् दुसरा डॉलरचा भाव. चार रुपये शहात्तर पैसे! काल तेच, आज तेच, उद्याही तेच. लेहून ठेवा!”

हे त्यानं सांगितलं रविवारी संध्याकाळी, पाच जून एकोणीसशे सहासष्टला. नांदुऱ्यात त्याच्या मेहुण्याच्या, शेषरावच्या, दारात मांडव पडला होता. शेषरावच्या थोरल्या पोरीची, सरस्वतीची, हळद नुकतीच उरकली होती. ऐकणारी मंडळी भारावून गेली. एकानं तर खरोखरच लिहून ठेवलं, विडीच्या बंडलावर!

आता तुम्ही म्हणाल, उंद्रीच्या मळ्यात वांगी-मिरच्या पिकवणाऱ्या माणसाचा आणि डॉलरचा काय संबंध? संबंध आहे, आणि चांगला पाच वर्षांचा आहे. आधी तोच सांगतो.

शेषराव हा रुख्मिणीचा, म्हणजे इंद्रभानच्या बायकोचा, थोरला भाऊ. पलटणीत होता. युनोच्या फौजेबरोबर सरकारनं त्याला गाझाला पाठवलं होतं, दुसऱ्यांच्या भांडणात मधे उभं राहायला. तिथून तो एक पत्र्याची पेटी, एक खोकला आणि एक पाच डॉलरची नोट घेऊन परत आला. एकसष्ट साली इंद्रभानच्या आशाचं लग्न झालं, तेव्हा मामा म्हणून त्यानं तीच नोट आहेरात दिली. भोंग्यावर आहेर पुकारणारा गडी “शेषराव, मुलीचे मामा...” इथपर्यंत आला आणि नोट बघून अडखळलाच. मग त्यानं छाती भरून श्वास घेतला अन् ओरडला, “डॉलर पाच!” मांडव चिडीचूप झाला. रडणारं एक पोर सुद्धा रडायचं थांबलं! वहीत नोंद झाली : शेषराव, नांदुरा, डॉलर पाच.

आहेर म्हणजे काय, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. दिलेला आहेर उलटून यायचा असतो, आणि वर थोडं चढवून यायचा असतो. पाचाचे सव्वापाच होतात, पाचाचे पावणेपाच कधीच होत नाहीत. सगळं भोंग्यावर पुकारलं जातं. मग बायका तिथल्या तिथं बोटांवर हिशेब करतात, आणि तो हिशेब मरेपर्यंत विसरत नाहीत.

ती नोट इंद्रभाननं मोडली नाही. दुपारी मोट सुटली, बैल लिंबाखाली बसले, की तो कोपरीच्या आतल्या खिशातून ती काढायचा आणि मांडीवर पसरायचा. पुढच्या बाजूला दाढीवाला, खप्पड गालांचा एक माणूस. हुबेहूब इंद्रभानचा वारलेला मामा! मागच्या बाजूला खांबाखांबांची भली मोठी इमारत, आणि तिच्यापुढं झुडपं. बघता बघता इंद्रभानचे डोळे जड व्हायचे आणि तो त्या झुडपांपाशी पोचायचा. जमीन काळीभोर, ओल भरपूर, आणि एवढी जागा नुसती शोभेला सोडलेली! इथं मिरची किती झाली असती, असं मनाशी म्हणत तो पायऱ्या चढायचा. पायऱ्या गार असायच्या. वरच्या पायरीवर मामा बसलेला असायचा.

“काय बे भाचा, वांगे काय भाव गेले?”

“सकाळी बरे होते मामा. दुपारी कोनी फुकट नेऊन नाई राह्यलं.”

“अन् डॉलर?”

“चार शहात्तर.”

“मंग बस. सावलीत बस.”

आणि इंद्रभान बसायचा. किती वेळ, ते त्याला कळायचं नाही. बैलांना मात्र कळायचं, ते तोवर अर्धा वाफा मेथी खाऊन टाकायचे.

भाव त्याला भगवानरावांनी सांगितला होता. भगवानराव म्हणजे उंद्रीचे जुने पोस्टमास्तर, त्यांच्याकडं दुपारच्या एसटीनं पेपर यायचा. त्यांनी खरं तर पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “एकोणपन्नास साली एकदा हा हलला होता बरं का इंद्रभान. तीन रुपये पाच आण्यांचा डॉलर एका रात्रीत पावणेपाच रुपयांच्या घरात गेला. पण तेव्हापासून हलला नाही.” इंद्रभाननं यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. पाच वर्षं तो विचारायचा, “डॉलर काय म्हनते?” आणि भगवानराव म्हणायचे, “चार शहात्तर.” हे ऐकून त्याला काय गार वाटायचं म्हणून सांगू! ज्याचा माल सकाळी एका भावानं आणि उन्हं चढल्यावर निम्म्या भावानं जातो, त्या माणसाला पाच वर्षं शब्दाला जागणारी एक तरी चीज भेटली होती. तो त्या भावाच्या प्रेमातच पडला होता, दुसरं काय!

आणि आता सरस्वतीच्या लग्नात आहेर उलटवायची वेळ आली. तीच नोट परत देता येत नव्हती. ज्याचा आहेर त्यालाच दिला, तर तो तोंडावर फेकल्यासारखा होतो. “माह्या माहेरी माही मान खाली नोका जाऊ देऊ, एवढंच,” रुख्मिणीनं सांगितलं होतं. ती जास्त बोलत नसे, आणि म्हणूनच तिचं एकेक वाक्य इंद्रभानच्या छातीवर वरवंट्यासारखं बसत असे.

म्हणून शनिवारी खामगावच्या बँकेत जाऊन त्यानं नोट मोडली.

“कोणी दिली?” कारकुनानं फॉर्म पुढं ओढत विचारलं.

“साळ्यानं.”

“साळा परदेशी आहे का?”

“नाई जी. नांदुऱ्याचा हाये.”

कारकुनानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. तीन फॉर्म आणि अंगठ्याच्या दोन ठशांनंतर इंद्रभानच्या हातात तेवीस रुपये ऐंशी पैसे पडले. नोट ड्रॉवरमध्ये गेली. पोरीला सासरी धाडताना गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो बघत राहिला होता ना, तसाच आता बंद ड्रॉवरकडं बघत राहिला. मिळालेल्या पैशांत त्यानं पदरचे एक रुपया वीस पैसे घातले. पंचवीस झाले. सव्वापाच डॉलर म्हणजे चोवीस रुपये नव्व्याण्णव पैसे होतात. “एक पैसा शेषरावले सूट!” असं म्हणत त्यानं पाकीट बंद केलं.

आणि रविवारी संध्याकाळी सगळ्यांना ध्रुवतारा दाखवला. कारभारी नावाच्या भोंगेवाल्याला सुद्धा बजावून ठेवलं, “मायं नाव आलं का रुपये नोको पुकारू. म्हन, भावाप्रमानं सव्वापाच डॉलर! आवाज ठनठनीत पाह्यजे!”

सोमवारी सकाळी तो चहाची किटली घेऊन वऱ्हाडाच्या बिऱ्हाडावर गेला. वऱ्हाड दुसरबीडचं होतं. नवऱ्याचे वडील महादेवराव ओट्यावर दाढी करून घेत होते आणि त्यांच्या मांडीवर ट्रान्झिस्टर खरखरत होता. बातम्या लागल्या. सरकारनं रुपयाचं मोल कमी केलं होतं. एका डॉलरला आजपासून साडेसात रुपये.

किटली कलंडली. चहा महादेवरावांच्या पायावर, न्हाव्याचा वस्तरा महादेवरावांच्या कानावर!

“आरं! आरं!” महादेवराव ओरडले.

इंद्रभानला काही ऐकू आलं नाही. तो त्या गार पायऱ्यांपाशी उभा होता. मामा उठला, त्याच्याकडं न बघता आत गेला, आणि खांबांमागचं दार आतून लावून घेतलं.

“साडेसात पंचे साडेसदतीस,” तो पुटपुटत परतला. “अन् वरचा पाव, म्हंजे एक रुपया सत्त्याऐंशी... एकोनचाळीस रुपये सदतीस पैसे!” पाकिटात होते पंचवीस. शनिवारी नोट मोडली नसती, तर नुसती खिशात बसून तीच साडेसदतीसची झाली असती! हे त्याला मांडवाच्या दारात सुचलं, आणि तो तिथंच मटकन खाली बसला.

पण बसायला तरी कोण देतो? तोवर बातमी मांडवात पोचली होती, आणि प्रत्येक तोंडातून जाताना थोडी जाडी होऊन पोचली होती. रुपया पडला, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे झाले, असं आचारी म्हणाला. न्हावी म्हणाला, ठरलेले दोन रुपये आता तीन झाले. बँडवाले तर सनया मांडीवर ठेवून बसले. त्यांचा पुढारी शेषरावला म्हणाला, “भाऊ, सुपारी घेतली तवा रुपया पूरा होता. आता अर्ध्या रुपयात पूरी सनई कशी वाजवाची?”

“अरे, आपले डॉलरवाले पाव्हने हायेत ना!” कोणीतरी ओरडलं. “त्यायले इचारा!”

सगळा मांडव इंद्रभानकडं वळला. कालच्या बढाईचं व्याज असं सकाळीच दारात उभं राहिलं! इंद्रभान घाम पुसत उठला.

“त्याचं असं हाये,” तो म्हणाला, “रुपया इथं रुपयाच हाये. तो फक्त तिकडं पडला. अमेरिकेत.”

“तिकडं पडला तर इकडं काऊन बोंब?” न्हाव्यानं विचारलं.

“म्हंजे... किंमत कमी झाली, पन झाली नाई. इथं हाये तेवढाच हाये, पन तेवढा राह्यला नाई...”

“हेच म्हनून राह्यलो ना आमी!” बँडवाला म्हणाला. शेवटी शेषरावनं पाच रुपये चढवून दिले आणि सनई वाजली. जाता जाता तो इंद्रभानला म्हणाला, “भाऊजी, समजावून सांगतलं नसतं तर दोनातच भागलं असतं!”

 इंद्रभानला एकच दिसत होतं. दुपारी कारभारी ठणठणीत आवाजात “भावाप्रमानं सव्वापाच डॉलर” म्हणणार, सगळ्यांना नवा भाव पाठ झालेला, आणि पाकिटातून पंचवीस निघणार! रुख्मिणी भावजयांच्या घोळक्यात बसलेली असेल. ती काही बोलणार नाही. नुसती खाली बघेल. ते खाली बघणं त्याच्यानं बघवणार नव्हतं.

मांडवाच्या मागं, त्यानंच उंद्रीहून आणलेली वांग्यांची दोन पोती होती. लग्नाच्या भाजीसाठी, घरचं कार्य म्हणून आणलेली. काटेरी देठांची, जांभळी, काल पहाटे तोडलेली. ‘एका पोत्यात भागते,’ असं आचारी काल बोललाच होता. निदान इंद्रभानला तसं ऐकल्यासारखं वाटत होतं!

पंधरा मिनिटांनी नांदुऱ्याच्या बाजारात एक माणूस दिसला. कमरेला नवं धोतर, डोक्याला गुलाबी फेटा, कपाळाला हळदीचा टिळा आणि पाठीवर वांग्यांचं पोतं. भाजीवाल्या पुंजाजीनं त्याला खालून वर पाहिलं.

“लगनातून पयून आले काय?”

“भाव बोला.”

“दहा.”

“साडेचौदा. एक पैसा कमी नाई.”

“वांगे हायेत का सोनं? साडेचौदाच काऊन पाह्यजे?”

“अमेरिकेनं ठरवलं,” इंद्रभान खिन्नपणे म्हणाला. पुंजाजीला वाटलं, माणूस उन्हानं बिघडला आहे. वांगी मात्र खरंच देखणी होती. त्यानं साडेचौदा मोजून दिले. पंचवीस आणि साडेचौदा, साडेएकोणचाळीस! इंद्रभानच्या जिवात जीव आला. तो परतला तो वाऱ्यावर तरंगतच.

मांडवात शिरतो तोच शेषराव समोर! “भाऊजी, कुठं होते? वऱ्हाड दुप्पट आलं. आचारी म्हनते, वांगे पुरत नाईत. तुमी तर दोन पोते आनले होते ना?”

“दोन?” इंद्रभान फेटा सारखा करायला लागला. “एक... एकच असन.”

“चाला बाजारात. तुमी भाजीपाल्यातले मानूस, पारखून द्या.”

नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत शेषरावनं त्याचा दंड धरला होता. उन्हं चढल्यावर बाजारात वांगी कोणाकडं असणार? एकाकडंच होती!

“या, या!” पुंजाजी लांबूनच ओरडला. “अस्सल मळ्यातले वांगे! आत्ताच एक भला...” आणि मग त्याला गुलाबी फेटा दिसला. इंद्रभाननं शेषरावच्या पाठीमागून हात जोडले, डोळे मिचकावले, जीभ चावली, जे जे करता येतं ते सगळं केलं. पुंजाजी व्यापारी माणूस. त्याला सगळं समजलं नाही, पण जेवढं समजलं त्याची किंमत तेवढी बरोबर समजली.

“पोतं काय देता?” शेषरावनं विचारलं.

“बावीस.”

“बावीस!”

“रुपया पडला ना भाऊ. रेडिओ नाई ऐकला?” पुंजाजी इंद्रभानकडं बघून गोड हसला. “या पाव्हन्यायले इचारा. हे जानकार दिसतात. माल बावीसचा हाये का नाई?”

शेषराव वळला. इंद्रभान आपल्याच वांग्यांकडं बघत उभा राहिला. एकेक वांगं त्याला ओळखत होतं.

“हाये,” तो बारीक आवाजात म्हणाला. “बावीसचा हाये.”

पोतं परत त्याच्याच पाठीवर चढलं. शेषराव शेजारून चालला होता आणि पोत्याकडं बघत होता. मधेच त्यानं काहीतरी विचारायला तोंड उघडलं, मिटलं, आणि खोकल्याची उबळ आल्यासारखं केलं.

दुपारी लग्न लागलं. जेवणं झाली. भाजी अशी झाली होती की महादेवरावांनी कानाला फडकं बांधलेल्या अवस्थेत तीनदा मागून घेतली. मग आहेराला सुरुवात झाली. इंद्रभानचं नाव आलं. कारभारीनं भोंगा तोंडाशी घेतला.

“उंद्रीचे इंद्रभान, मुलीचे फुवाजी, यांच्याकडून... भावाप्रमानं... सव्वापाच डॉलर!”

“कोनत्या भावाप्रमानं?” न्हाव्यानं लगेच विचारलं. मांडवात खसखस पिकली. भावजयांच्या घोळक्यात बोटं हिशेबाला लागली.

इंद्रभाननं पाकीट उघडलं आणि एकेक नोट वहीवर ठेवली. “आजच्या भावानं,” तो म्हणाला.  “साडेसातानं. एकोनचाळीस रुपये सदतीस पैसे होतात. हे साडेएकोनचाळीस हायेत.”

हिशेबाची बोटं थांबली. रुख्मिणीनं मान वर केली. भावजयांच्या मधोमध बसून तिनं नवऱ्याकडं सरळ, सगळ्यांदेखत पाहिलं. हसली नाही, पण पदर डोक्यावरून नीट केला. बस्स! वांगी गेली, अब्रू जाता जाता राहिली, सगळ्याचं सोनं झालं, असं इंद्रभानला वाटलं. क्षणभर त्याला मांडवाचे बांबू सुद्धा संगमरवरी दिसायला लागले.

वहीवाला लिहायला लागला, “इंद्रभान, उंद्री, रुपये एकोणचाळीस...”

“थांब,” शेषराव म्हणाला. तो इंद्रभानजवळ आला आणि कानाशी वाकला. “भाऊजी, पोत्याले तुमच्या मळ्याची सुतळी होती. रुख्मिणीच्या हातची गाठ मी लहानपनापासून ओळखतो.”

इंद्रभानच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. आता जमिनीनं पोटात घ्यावं, असं त्याला वाटलं.

“मले तर वीस-पंचवीसचं पटलं असतं,” शेषराव हळूच म्हणाला. “तुमी मात्र भाव पाळला. मंग मीही पाळतो.” तो वहीवाल्याकडं वळला आणि मोठ्यानं म्हणाला, “रुपये नोको लेहू. रुपयाचं आज खरं नाई. डॉलर लेह्य. इंद्रभान, उंद्री, डॉलर सव्वापाच!”

शिट्ट्या वाजल्या. शेषरावची बायको गीताबाई तर उभीच राहिली. “आमच्या घरी डॉलरचा आहेर आला वं माय!” असं ती तीन वेळा म्हणाली, आणि तिसऱ्या वेळी विहीणबाईंकडं बघून म्हणाली.

परतीच्या एसटीत इंद्रभान खिडकीशी बसला. मोताळ्याकडचे डोंगर लांबवर निळसर दिसत होते. वारा येत होता. त्याचे डोळे अर्धवट मिटले. आपली धाकटी पोर शालू आता दहा वर्षांची. सात-आठ वर्षांत तिचं लग्न. शेषरावला सव्वापाच डॉलर उलटवावे लागणार, वर चढवून साडेपाच! तेव्हाच्या भावानं! तोवर डॉलर दहाचा झाला, तर पंचावन्न. पंधराचा झाला तर... डॉलर हळूहळू वर चढत होता, मळ्यावरच्या घारीसारखा, पंख न हलवता. त्यामागं इंद्रभानही चढत होता. किती हलकं वाटत होतं!

“देशाचं कसं व्हईन हो भाऊ?” शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं. “रुपया आनखीन पडन म्हनतात.”

“वाईट झालं बाबा,” इंद्रभान म्हणाला, आणि मनातली प्रार्थना कोणाला दिसू नये म्हणून घाईनं डोळे मिटून घेतले.

“अवो,” रुख्मिणीनं कोपरानं ढोसलं. “हसून काऊन राह्यले?”

“काई नाई. शालूच्या लगनाचं पाहून राह्यलो होतो.”

“शालूचं मंग पाहू. आधी दादाच्या दोघीयचं पाहा. मधलीचं पुढल्या सालीच काढतो म्हने, अन् धाकटीचं त्याच्या पुढच्या.”

“बरं मंग? जाऊ की. रुपया-दोन रुपये...”

“रुपये?” रुख्मिणी त्याच्याकडं वळली. “थोरलीले सव्वापाच डॉलर, अन् मधलीले रुपये? मायच्या घरी पोरीपोरीत फरक केला म्हनून मले दारात तरी उभं करतीन का? दोघीयलेही डॉलरच लागतीन. अन् भावानंच लागतीन.”

एसटी खड्ड्यात आदळली. डॉलर वर राहिला, इंद्रभान एकटाच खाली आला.  मग त्यानं म्हाताऱ्याचा हात घट्ट धरला.

“बाबा,” तो अगदी पोटतिडकीनं म्हणाला, “काई बी होवो, या देशाचा रुपया टिकला पाह्यजे!”